सफरचंदं सोलणारी जज्ज आणि आपली एलएलबी झालेली पोरं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या न्यायाधीशांवर लेख आला होता, चांगला होता, खरं वाचून झाल्यावर डोक्यात जे घोळायला लागलं ते काही जाईना म्हणून हे पत्र. लांबलंय, जागा नसेल तर सुरुवातीचं कापा, शेवटचं तेवढं ठेवा.

श्री श्रीनिवासन यांचं कौतुक मलाही आहे. १९६७ ला चंदीगडमध्ये जन्म, घराणं तमिळ, लहानपणीच कुटुंब कॅन्ससला गेलं, वडील तिथल्या युनिव्हर्सिटीत गणिताचे प्रोफेसर. पुढं स्टॅनफर्ड, मग सुप्रीम कोर्टाच्या जस्टिस सॅन्ड्रा डे ओ'कॉनर बाईंच्या हाताखाली काम, नंतर सरकारच्या बाजूनं सुप्रीम कोर्टात उभं राहणं, आणि २०१३ ला सिनेटनं, म्हणजे तिकडच्या संसदेच्या वरच्या सभागृहानं, ९७ विरुद्ध ० मतांनी त्यांना वॉशिंग्टनच्या अपील कोर्टावर पाठवलं. २०२० ला ते तिथले मुख्य न्यायाधीश झाले. शपथ त्यांनी गीतेवर हात ठेवून घेतली आणि ती शपथ स्वतः ओ'कॉनर बाईंनी दिली. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर, नात्यातल्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर सगळीकडं तीच गीता फिरते, दर सहा महिन्यानं नव्यानं फिरते, खाली हात जोडलेले आणि झेंडे. ते ९७-० कुणालाच दिसत नाही. ज्या देशात दोन पक्ष एकमेकांचं तोंड बघत नाहीत तिथं एका परदेशात जन्मलेल्या माणसाच्या विरोधात एकसुद्धा मत पडलं नाही, बातमी ती आहे बघा.

पण मला आज लिहायचंय ते एका दुसऱ्या बाईबद्दल. तिचं आपल्याशी काही नातं नाही, आडनाव आपलं नाही, म्हणून तिचा फॉरवर्ड येत नाही. जॅकलीन न्गुयेन. जन्म १९६५, दक्षिण व्हिएतनाममधलं दालात गाव. वडील तिथल्या सैन्यात मेजर. १९७५ ला सायगॉन पडलं तेव्हा हे कुटुंब देश सोडून पळालं, सहा पोरं, आणि कॅलिफोर्नियात पोचल्यावर पहिला मुक्काम कॅम्प पेंडलटन म्हणून लष्कराचा तळ आहे तिथल्या निर्वासितांच्या तंबूत. पोरगी दहा वर्षाची. कालपर्यंत मेजरसाहेबांची लेक, आज रांगेत उभं राहून जेवण घ्यायचं.

पुढं लॉस एंजेलिसजवळ बिऱ्हाड केलं. आईबाप दोन दोन तीन तीन कामं करायचे. आई दातांच्या डॉक्टरांकडं साफसफाई करायची आणि पोरं संध्याकाळी सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर जाऊन झाडायला पुसायला लागायची. शिवाय एका पाय बनवणाऱ्या कंपनीसाठी सफरचंदं सोलून चिरून द्यायची. पाय म्हणजे आपला पाय नव्हे, तिकडचा भाजलेला गोड पदार्थ, आत फळाचं सारण असतं. नंतर आईवडिलांनी नॉर्थ हॉलीवूडला डोनटचं दुकान घेतलं आणि ही पोरगी कॉलेजात असताना आणि लॉ करत असतानासुद्धा त्या दुकानात काम करायची. मी हे वाचलं तेव्हा मला आमच्या बेळगावच्या शहापुरातली घरं आठवली, बाप मागावर, आई कांड्या भरतेय, आणि पोरगी दाराशी बसून पुस्तक वाचतेय आणि मधनंच उठून आईला हात लावतेय. हे चित्र आपल्याला नवं नाही. पुढचं मात्र आपल्याकडं फार कमी दिसतं.

ऑक्सिडेंटल कॉलेजातून १९८७ ला डिग्री, विषय इंग्रजी. परक्या भाषेत येऊन पडलेल्या पोरीनं डिग्रीला तीच भाषा घेतली हे मी दोनदा वाचलं. मग लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातून १९९१ ला लॉ. काही वर्षं खाजगी फर्म, मग १९९५ पासून सात वर्षं सरकारी वकील, फौजदारी खटले. २००२ ला लॉस एंजेलिस काउंटीच्या कोर्टात जज्ज, म्हणजे आपल्याकडच्या खालच्या कोर्टासारखं, रोजचे आरोपी, रोजच्या भानगडी. २००९ ला फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टात, डिस्ट्रिक्ट जज्ज, तिथंही सिनेटमध्ये ९७ विरुद्ध ०. आणि ७ मे २०१२ ला नवव्या सर्किटच्या अपील कोर्टावर, ९१ विरुद्ध ३. अमेरिकेच्या फेडरल अपील कोर्टावर बसलेली ही पहिली आशियाई वंशाची बाई. नववं सर्किट म्हणजे साधं नाही, नऊ राज्यं आणि वर पॅसिफिकमधली बेटं, २९ न्यायाधीशांच्या जागा, तिकडचं सगळ्यात मोठं अपील कोर्ट. २०१६ ला सुप्रीम कोर्टात जागा रिकामी झाली तेव्हा चर्चेत श्रीनिवासनांचंही नाव होतं आणि हिचंही होतं, मिळाली दोघांनाही नाही ते सोडा.

मला तिच्या पदांपेक्षा तिचं एक जजमेंट जास्त आवडतं आणि ते ती हरलेलं आहे. २०१८ ची गोष्ट. मार्विन गे म्हणून तिकडचे मोठे गायक होऊन गेले, त्यांच्या वारसांनी फॅरेल विल्यम्स आणि रॉबिन थिक या दोघांवर दावा केला होता की तुमचं गाणं आमच्या वडिलांच्या गाण्याची नक्कल आहे. ज्युरीनं वारसांना पैसे द्यायला लावले, प्रकरण अपिलात आलं, तीन न्यायाधीशांचं बेंच, दोघं म्हणाले ज्युरीचं बरोबर. न्गुयेन बाईंनी एकटीनं वेगळं मत लिहिलं. म्हणणं असं की दोन्ही गाण्यांची चाल वेगळी, ताल वेगळा, सुरावट वेगळी, सारखं काय तर बाज सारखा आहे, आणि बाजावर मालकी देता येत नाही, आजवर कुणाला जमलं नाही ते तुम्ही या वारसांना करू देताय.

हे वाचताना मला आपलं सुळेभावी आठवलं. कुमार गंधर्व तिथले, १९२४ चा जन्म, बेळगावपासून हाकेच्या अंतरावर. घरातली भाषा कन्नड, गाणं शिकले मुंबईला देवधर मास्तरांकडं, राहिले देवासला आणि ऐकून ऐकून तल्लीन झाला मराठी माणूस. आता समजा एखाद्या घराण्यानं उठून म्हटलं की अमुक तऱ्हेनं तान घेणं ही आमची इस्टेट, तर काय होईल? गाणं बंद पडेल. तिकडं कोर्टात बसलेल्या एका निर्वासित पोरीला हे कळलं, तिच्याच बेंचवरच्या दोघांना नाही कळलं. असो, मी गाण्यातली जाणकार नाही, कोर्टाच्या कागदांतली आहे.

त्याच वर्षी नोव्हेंबरात अजून एक प्रकरण तिच्या बेंचपुढं होतं. लहानपणी आईबापांबरोबर कागदपत्रांशिवाय अमेरिकेत आलेली पोरं, त्यांना ओबामांच्या काळात तात्पुरतं संरक्षण मिळालं होतं, ट्रम्प सरकारनं ते काढून घ्यायचं ठरवलं, खालच्या कोर्टानं स्थगिती दिली. तीन जणांच्या बेंचनं ती स्थगिती कायम ठेवली, त्यात या होत्या. मुख्य निकाल लिहिला दुसऱ्या न्यायाधीश बाईंनी. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०२० ला सरकार ५ विरुद्ध ४ नं हरलं. आता कुणी म्हणेल निर्वासित जज्ज निर्वासितांचीच बाजू घेणार. तसं असतं तर आपला सीमाप्रश्न बघा की. आपल्या सीमेचा अहवाल लिहिणारे मेहरचंद महाजन कांगड्याचे, लाहोर हायकोर्टातले, १९४७ ला पंजाबच्या फाळणीच्या कमिशनवर बसलेले, पुढं काश्मीरचे पंतप्रधान आणि मग भारताचे सरन्यायाधीश. सीमारेषेनं माणसाचं काय होतं हे त्यांच्यापेक्षा जास्त कुणी पाहिलं असेल? तरी १९६७ च्या अहवालात त्यांनी निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्या म्हटलं आणि बेळगाव कर्नाटकातच ठेवलं. २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ गावं कर्नाटकाकडं. अंमल त्याचाही झाला नाही. न्यायाधीश कुठल्या मातीतला आहे यावरून तो काय लिहील हे सांगता येत नाही, आणि तेच बरोबर आहे, मला कितीही झोंबलं तरी.

आता मुद्द्यावर येते. मी कोर्टाबाहेर टायपिंग करते. आधी मशीनवर करायचे, आता एकाच पीसीवर कन्नड टायपिंगचं नुडी पण आहे आणि मराठीसाठी श्रीलिपी पण आहे, कन्नड मराठी इंग्रजी तिन्ही करते. अॅफिडेव्हिट, वाटणीपत्र, वकीलपत्र, अपील मेमो, जे येईल ते. अपील म्हणजे काय हे लोकांना माहीतच नसतं. लोकांना वाटतं वरच्या कोर्टात आपण परत जाऊन सगळं सांगू. नाही हो. वर साक्षीदार जात नाही, वर कागद जातो. खानापूरच्या म्हातारीनं पिंजऱ्यात उभं राहून मराठीत जे सांगितलं ते खाली कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत उतरतं, तिनं डोळे कसे पुसले, कुठं अडखळली, ते काही त्यात येत नाही, आणि हायकोर्टाच्या धारवाडच्या बेंचपुढं जातं ते फक्त ते उतरलेलं. सेकंड अपिलात, म्हणजे जिल्हा कोर्टानंतर हायकोर्टात जातं त्या अपिलात, तर वस्तुस्थितीसुद्धा सहसा बघत नाहीत, कायद्याचा ठोस प्रश्न असेल तरच घेतात, सीपीसी म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम १००. म्हणजे खालच्या कोर्टात कोण बसलंय, काय लिहून घेतंय, वकिलाला ते वाचता येतंय का, सगळं तिथंच ठरतं.

मागं एक गृहस्थ आले होते, वय झालेलं, जमिनीच्या वाटणीचा दावा, निकालाची नक्कल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. बरोबर त्यांचा वकील, नवा पोरगा, मराठी शाळेत शिकलेला, पुढं इंग्रजीत लॉ केलेला, हुशार आहे, वाद घालायला लागला तर ऐकत बसावं असा. निकाल कन्नडमध्ये. तो मला म्हणतो, मॅडम ह्यात काय लिवलंय तेवढं वाचून दाखवा की. म्हातारबाबांना वाटत होतं आपण जिंकलोय कारण कोर्टात कुणी काही वाईट बोललं नव्हतं. मी शेवटचं पान काढलं, दावा फेटाळला होता. जिल्हा कोर्टात अपिलाची मुदत ३० दिवस, त्यातले बरेच उलटून गेलेले, नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा धरूनसुद्धा धावपळ. केलं अपील, झालं ते वेळेत. पण मला त्या पोराचा राग आला आणि त्याला राग येतोय म्हणून सांगितलंही. तो म्हणाला, मॅडम बोलायला येतंय की मला कन्नड. बोलायला येतं! बाजारात भाजी घ्यायला आणि बसमध्ये सीट मागायला आपल्या सगळ्यांनाच येतं. कोर्टाचं कन्नड वेगळं, ते वाचायलाच बसावं लागतं.

संपादक साहेब, इथं वाचक चिडतील मला माहीत आहे. म्हणून आधीच सांगते. न्गुयेन बाई दुसऱ्या देशातनं आल्या होत्या, आपण कुठनं आलो नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला सकाळी उठलो तेव्हा आपलं अपील मुंबई हायकोर्टातनं उठून म्हैसूर राज्याच्या हायकोर्टात, बेंगळुरूला गेलेलं होतं, पक्षकार तिथंच, जमीन तिथंच. नंतरची कितीतरी वर्षं लोक एका तारखेसाठी रात्रभर प्रवास करून बेंगळुरूला जायचे. २००८ ला धारवाडला सर्किट बेंच आलं, २०१३ ला ते कायम झालं, तेव्हा कुठं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. १५ टक्क्याच्या वर भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं सरकारी नोटिसा, महत्त्वाचे कागद त्यांच्या भाषेत द्यायचे हे केंद्रानं कधीच मान्य केलेलं आहे, त्यासाठी घटनेत ३५० ब खाली अधिकारी आहे, आपल्याला मिळत नाहीत ते कागद आणि ते मागायलाच पाहिजेत. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, तो चालू दे, मी पण त्याच बाजूची आहे, माझ्या घरात काळा दिन पाळतात. पण दावा लागेपर्यंत आपल्या म्हातारबाबांचं अपील कोण वाचणार, हा माझा प्रश्न आहे आणि त्याला कुणी उत्तर देत नाही. सभेत टाळ्या पडतात, अपिलाची मुदत मात्र टाळ्यांसाठी थांबत नाही.

आपल्या पोरांना लॉ नको असतं असंही नाही. राजा लखमगौडा लॉ कॉलेज आपल्याच गावात आहे, १९३९ पासून. दरवर्षी त्यातनं मराठी पोरं पोरी बाहेर पडतात. मग जातात कुठं? काही वकिली करतात, काही पुण्याला जाऊन महाराष्ट्राच्या परीक्षांची तयारी करतात, मुली लग्न होऊन कोल्हापूर सांगलीला. कर्नाटकच्या सिव्हिल जज्जच्या परीक्षेला बसणारं पोरगं मला क्वचित भेटतं, कारण मुख्य परीक्षेत भाषांतराचा पेपर असतो, साक्षी, निकाल, दस्तऐवज इंग्रजीतनं कन्नडमध्ये आणि कन्नडमधनं इंग्रजीत करायचे. तो पेपर बघून पोरं पुस्तकच मिटतात. आणि मग आम्हीच ओरडतो की कोर्टात आमचं कुणी नाही.

व्हिएन्नाचा अकरा-बारा वर्षाचा पोरगा फेलिक्स फ्रँकफर्टर १८९४ ला अमेरिकेत उतरला तेव्हा त्याला इंग्रजीचा शब्द येत नव्हता, १९३९ ला तो तिथल्या सुप्रीम कोर्टावर बसला. तो काय, न्गुयेन काय, शिकताना त्यांनी स्वतःची भाषा टाकून द्यावी असं माझं म्हणणं अजिबात नाही, घरी काय बोलायचं ते बोला. आपल्याच बाजूचं उदाहरण हवं असेल तर प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. घराणं मूळ गजेंद्रगडचं, जन्म साताऱ्याचा, शिक्षण साताऱ्यात, मग धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात, मग पुण्याला. मुंबई हायकोर्टात न्यायाधीश, १९६४ ला देशाचे सरन्यायाधीश. तेव्हा धारवाड आणि पुणे एकाच माणसाच्या आयुष्यात सहज मावत होतं, कुणी भुवया उंचावत नव्हतं.

आणि एक, अमेरिकेचं सगळं गोड आहे असं नाही. तिथं न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष निवडतो म्हणजे राजकारण आलंच, एकदा बसला की मरेपर्यंत बसू शकतो, आपल्याकडं निदान हायकोर्टाला ६२ आणि सुप्रीम कोर्टाला ६५ वर्षं आहेत. पण एक गोष्ट मला आवडते, तिथं अपील कोर्टावर जाणाऱ्या माणसाला सिनेटच्या समितीपुढं सगळ्या देशादेखत बसून प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात. आपल्याकडं कॉलेजियमच्या, म्हणजे न्यायाधीश निवडणाऱ्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या, खोलीत काय बोलणं झालं ते आपल्याला कळत नाही. खरं मला त्या वरच्या खोलीचं फार पडलेलं नाही. न्गुयेन बाई थेट वर गेल्या नाहीत, आधी सरकारी वकील, मग काउंटी, मग डिस्ट्रिक्ट, मग अपील. आपल्याकडं घटनेचं कलम २१७ बघा, हायकोर्टासाठी दहा वर्षं वकिली नाहीतर दहा वर्षं न्यायालयीन पद. म्हणजे ती वाट सिव्हिल जज्जच्या खुर्चीतनंसुद्धा जाते, आणि त्या खुर्चीची परीक्षा आपली पोरं देत नाहीत.

तर आपल्याकडं मागणी एवढीच. सिव्हिल जज्जच्या भरतीची जाहिरात कर्नाटक हायकोर्ट आपल्या वेबसाईटवर काढतं, आपल्या गावातल्या किती मराठी घरांत ती पोचते? आपण ती मराठीत छापा, अभ्यासक्रमासकट, भाषांतराच्या पेपरचा नमुना मिळाला तर तोही. आठवड्यातनं एकदा कोर्टाच्या कन्नडमधला एखादा परिच्छेद आणि शेजारी त्याचा मराठी अर्थ असं सदर सुरू केलंत तर टायपिंग मी फुकट करून देते, आणि ज्या पोरानं माझ्याकडनं निकाल वाचून घेतला त्यालाच पहिला अंक नेऊन देते. जाहिरात पहिल्या पानावर छापायला जागा नसेल तर राशिभविष्याच्या शेजारी छापा, ते पान आमच्याकडं सगळेच वाचतात.

आपली एक वाचक,
शहापूर, बेळगाव